ते वाक्य आईचं नव्हतं

"सावकाश वाच. मागे तरटावर बसलेल्यांनाही ऐकू गेलं पाहिजे," पाळकसाहेब म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

मागे तरटावर एकटी माझी आईच बसली होती.

मी अकरा वर्षांची. अंगात साहेबांच्या बंगल्यातून मिळालेला जुना फ्रॉक. आमच्या चर्चमध्ये पुढं सतरंज्या, डावीकडं पुरुष, उजवीकडं बाया. सगळ्यात मागं, दाराशी, लोक चपला काढतात तिथं एक तरट. मंडळीनं ज्याला शिस्तीखाली घातलं त्यानं त्या तरटावर बसायचं. गीत म्हणायचं नाही. प्रभुभोजनाची भाकर त्याच्यापर्यंत येत नाही. असे सहा महिने काढायचे. मग पुढं येऊन सगळ्यांसमोर आपलं पाप कबूल करायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याची कबुली साहेब लिहितात, तो अंगठा देतो, आणि त्याच्या घरातलं शिकलेलं माणूस ती वाचतं. आमच्या वस्तीत घरातलं शिकलेलं माणूस म्हणजे लेकरूच असायचं. आईबापाचं पाप लेकरानं वाचायचं, ही आमच्या मंडळीची रीत.

आई उठून पुढं आली. डोक्यावरून पदर. खडी फोडून फुटलेल्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. माझ्या शेजारी उभी राहिली. मी वाचायला लागले.

"मी, मार्था याकोब, देवाच्या व मंडळीच्या समक्ष कबूल करते की, माझे लेकरू दानियेल आजारी असता मी प्रभूवर भरवसा ठेवला नाही व अन्य दैवताचा दोरा त्याच्या अंगी बांधला. माझ्या अविश्वासामुळे देवाने माझे लेकरू माझ्यापासून नेले."

इथं मी थांबले. शनिवारी साहेबांनी बंगल्याच्या व्हरांड्यात मला तसं शिकवलं होतं. 'नेले' म्हटलं की थांबायचं, मनात तीन मोजायचे, मग पुढं जायचं. मी मोजायला लागले. एक. दोन.

"काय म्हनलीस?" आई हळूच बोलली.

तिनं अंगठा दिला होता, पण कागद तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. मीही नाही. साहेब म्हणाले होते, घरी नेऊ नकोस, मळेल. आई ते वाक्य मंडळीसोबतच पहिल्यांदा ऐकत होती. माझ्या तोंडून.

तीन. मी पुढं वाचलं.

उपासना सुटल्यावर पाळकीणबाईंनी माझ्या गालाला हात लावला. "किती स्वच्छ वाचतेस ग," म्हणाल्या आणि लिमलेटची गोळी दिली. मी ती खाल्ली. चोखत चोखत आईच्या मागून घरी गेले. मला अभिमान वाटत होता. हे लिहायला मला सात वर्षं लागली, म्हणून पुन्हा लिहिते. मला अभिमान वाटत होता.

दान्या कसा मेला ते आता सांगते. कागदावर नव्हतं ते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव पुसेगावपासून दोन कोसांवर. बाप त्याच्या आधीच कारखान्याकडं ऊस तोडायला म्हणून गेला, तो आलाच नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. दान्या दहा महिन्यांचा. त्याला खडीच्या ढिगाच्या सावलीला टोपल्यात निजवायची. एका गुरुवारी त्याला हगवण लागली. शुक्रवारी आई त्याला घेऊन मिशनच्या कंपाउंडात गेली. दवाखाना तिथंच, बंगला तिथंच. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरीणबाई दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." आई म्हणाली, "सोमवारपावतर निभंल का साहेब?" तो म्हणाला, ते मी कसं सांगू. दवाखान्याला कुलूप आणि किल्ली त्याच्या कमरेला.

पाळकसाहेब व्हरांड्यात आले. दान्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. लांब, चांगली प्रार्थना. आई रडत होती तर म्हणाले, "रडू नकोस. रडणं म्हणजे शंका घेणं."

शनिवारी काम बुडवून भागणार नव्हतं. आई त्याला खडीवर घेऊन गेली. शेजारच्या ढिगावर तांड्यावरची जमना होती. तिनं पोराचे डोळे पाहिले. म्हणाली, "आन इकडं. देव कोनताबी आसंना, पोट तं पोटच हाय." तिनं आपल्या डब्यातल्या पेजेचं पाणी काढलं, मीठ घातलं, बोटानं त्याला चाटवत राहिली. आणि जाताना एक काळा दोरा त्याच्या कमरेला बांधला. आईनं बांधू दिला. दिवसभरात त्याला कुणी पाणी पाजलं असेल तर जमनानं. पुढं हिंगोलीत एका नर्सनं मला सांगितलं की मिठाची पेज हेच त्या घडीला देण्यासारखं होतं, फक्त दोन दिवस आधी हवं होतं.

रविवारी दुपारी तो गेला.

मातीच्या वेळी साहेबांना दोरा दिसला. त्यांनी खिशातला चाकू काढला, दोरा कापला, पाकिटात ठेवला. मंडळीच्या पंचांना दाखवायला. गीत झालं नाही. आईला सहा महिने तरट झालं. किल्लीवाला कंपाउंडर त्या पंचांतलाच एक.

आता सगळ्यात वाईट ते. आईनं ते वाक्य खरं मानलं.

साहेबांनी म्हटलं असतं तर तिनं कदाचित मानलं नसतं. साहेब मोठे माणूस, मोठी माणसं काहीही बोलतात, हे तिला ठाऊक होतं. पण वाचलं मी. तिच्या पोटच्या पोरीच्या तोंडून आलं ते तिच्या आत जाऊन बसलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. "म्या दोरा बांधू दिला नसता तं?" मला विचारायची. कधी निवडत बसली की, "तू वाचलीस ते साहेबाला देवानंच सांगितलं आसंल का ग?" मी बारा वर्षांची. मी म्हणायचे, "असंल." मला काय कळत होतं. कळत नव्हतं म्हणून सुटले असं मी म्हणणार नाही.

ती दर रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चला जायची. लोक म्हणायचे, मार्था बघा कशी विश्वासात मजबूत झाली. मजबूत. ती रोज एकच प्रार्थना करायची, माफीची. गीताला तोंड उघडायची नाही. दान्या जायच्या आधी वस्तीत तिच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता.

आणि माझं. शाळेत धडा वाचायला उभी केली की मी प्रत्येक वाक्यानंतर थांबायची. एक, दोन, तीन. गुरुजी म्हणायचे, "काय ग, हर स्टेशनावर थांबती का तुझी गाडी?" वर्ग हसायचा. प्रार्थनेला डोळे मिटले की तेच. 'हे प्रभू' म्हटलं की मला माझाच आवाज ऐकू यायचा, बारीक, स्वच्छ, चांगल्या मार्कांचा आवाज. 'नेले' म्हणणारा. मी डोळे उघडून टाकायची. हळूहळू प्रार्थना सुटली. देव नाही असं वाटलं म्हणून नव्हे. देव आहे आणि त्यानं ते वाक्य ऐकून घेतलं आणि गप्प बसला, असं वाटायचं. त्याच्याशी काय बोलायचं?

माझी मावशी वस्तीतच राहते. ती आणि तिची माणसं छप्पन सालीच बौद्ध झाली. ती एकदा म्हणाली, "ये की आमच्यात. आमच्यात देवच न्हाई, मंग रुसायचं तरी कोनावर?"

मी म्हटलं, "मावशे, मला रुसायला कोनीतरी पाहिजे."

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "आईला घिऊन ये. तिला तरी."

पण आई येणार नव्हती. दान्या चर्चच्या कबरस्तानात होता.

मॅट्रिक झाले आणि मी हिंगोलीला गेले. रविवारी मात्र गावी यायची. तिथं शेतमजूर बायांसाठी काम करणाऱ्या पोरापोरींत पडले. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायची, शिरड शहापूरपासून वारंगा फाट्यापर्यंत पायी, एस्टीनं, मिळेल तशी वाटायची. पत्रकं लिहायला शिकवणारा आमचा एक मित्र एकच गोष्ट डोक्यात ठोकायचा. 'झोपडी जळाली' असं लिहू नका. झोपडी आपली आपण जळत नाही. कोणी जाळली ते लिहा.

एक दिवस स्टेन्सिल कापता कापता माझा हात थांबला. देवाने माझे लेकरू नेले. कोणी नेलं? कुलूप कोणाचं होतं? किल्ली कोणाच्या कमरेला होती? तो कागद कोणी लिहिला, अंगठा कोणी घेतला, आणि तो वाचला कोणी? इतकी वर्षं मी ते वाक्य ऐकत होते, पण पत्रकासारखं तपासलं नव्हतं. तपासलं, आणि देवाच्या नावाखाली दडलेली माणसं एकेक बाहेर आली. त्यात मीही होते.

मी ठरवलं, आईच्या डोक्यातून ते वाक्य काढायचं. मी एकटीनं सांगून उपयोग नव्हता. सांगून पाहिलं होतं. "तू लेकरू व्हतीस, तुला काय ठावं," म्हणायची. साहेबांनीच मंडळीपुढं सांगायला हवं होतं की ते त्यांचं होतं आणि खोटं होतं.

त्याच वर्षी साहेबांचा मुलगा वारंगा फाट्यावर ट्रकखाली सापडून गेला. एकुलता. साहेबांनी उपदेश देणं बंद केलं. चर्चला येत, पुढच्या खुर्चीवर बसत, ओठ हलत नसत. कंपाउंडरानं मंडळीपुढं सूचना वाचली, साहेबांचं मन थकलं आहे, त्यांना आराम द्यावा. बायांनी पाळ्या लावून बंगल्यावर डबे पोचवले. माझी आईसुद्धा पदरात शेंगा बांधून घेऊन गेली आणि व्हरांड्यात गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करून आली. कुणी तरटाचं नाव काढलं नाही. बंगल्यात विश्वास खचला तर त्याला थकवा म्हणतात. वस्तीत खचला तर पाप म्हणतात.

मी त्यांना भेटायला गेले. भांडायला नव्हे, खरंच भेटायला. त्यांनी मला खुर्ची दिली. बंगल्यात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

ते आपणहून म्हणाले, "चार महिने झाले. तोंड उघडतो, शब्द येत नाहीत. वर कुणी ऐकतंय असं वाटत नाही." त्या घडीला मला त्यांचा राग आला नाही. वाटलं, हा माणूस माझ्यासारखाच आहे.

"मलाबी येत नाहीत साहेब," मी म्हटलं. "अकराव्या वर्षापासून."

"का?"

त्यांना आठवत नव्हतं.

मी सांगितलं. दान्या, दोरा, कागद, तीन अंक. ते आठवायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "मार्थेची कबुली. हो. मी बऱ्याच कबुल्या लिहिल्या. मायना साधारण तोच असायचा."

मायना. आईची सात वर्षं त्या मायन्यात गेली होती.

मी विचारलं, "तुमच्या मुलाला कोणाच्या अविश्वासामुळं नेलं?"

ते गोरेमोरे झाले. "असं बोलू नये."

"काहून?"

"कारण ते खरं नाही."

"आणि आईचं?"

त्यांनी चष्मा काढला. पुसत राहिले. "तेही खरं नव्हतं," म्हणाले.

"मग येत्या रविवारी उभं राहून एवढंच सांगा. आईसमोर."

त्यांनी मान हलवली. "मंडळी मोडेल, बाई. गरीब माणसं आहेत. पाळकच चुकला म्हटलं तर त्यांनी कुणाकडं पाहायचं?"

गरीब माणसं. आमच्याच नावानं आमच्यावर कुलूप. मी उठले. "गरिबांनी सात वर्षं पाहिलं साहेब," म्हटलं, "तरटावरून पाहिलं." आणि निघून आले.

दोन महिन्यांनी ते पुन्हा उपदेश द्यायला लागले. आणि त्याच महिन्यात शांताबाईची कबुली आली. शांताबाई आमच्या वस्तीतली म्हातारी. सून वेड्यासारखं करते म्हणून तिला पीराच्या दर्ग्याला घेऊन गेली होती. सहा महिने तरटावर काढले. आता तिची नात कागद घेऊन पुढं उभी राहिली. दहा वर्षांची असेल. वेणीला नवी रिबन. रिबन कुठून आली ते मला विचारायची गरज नव्हती.

तिनं घसा साफ केला. मी सतरंजीवरून उठले आणि पुढं जाऊन तिच्या हातातला कागद काढून घेतला. हिसकावला नाही. तिनं लगेच दिला. तिला बरंच वाटलं असावं.

"बस ग खाली," कंपाउंडर म्हणाला.

मी बसले नाही. मी म्हटलं, "सात वर्षांमागं इथंच उभी राहून म्या एक वाक्य वाचलं. आईच्या अविश्वासामुळं देवानं दान्याला नेलं, असं. ते आईचं नव्हतं. साहेबांनी लिहिलेलं होतं. ते खोटं आहे. लेकरू हगवणीनं मेलं आणि दवाखान्याला कुलूप होतं. ते वाक्य म्या वाचलं, म्हणून म्या ते मागं घेते." मग मी साहेबांकडं वळले. "तुमी मला बंगल्यात बोललात ते इथं सांगा."

साहेब खाली बघत होते. मला वाटलं सांगतील. खरंच वाटलं. त्यांनी श्वास घेतला, मान वर केली आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एका शब्दानं. सगळ्यांचे डोळे मिटले. साहेबांना आता शब्द येत होते, धो धो येत होते. शांती, क्षमा, तरुण मनांना सुबुद्धी. मी कागद हातात घेऊन उभी. डोळे उघडे ठेवून अख्खी मंडळी मी तेव्हा पाहिली. आणखी एकीचे डोळे उघडे होते. आईचे. ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्या नजरेत सुटका शोधली. नव्हती. ती घाबरली होती. तरटावरचे सहा महिने, तिला तेवढंच दिसत होतं, माझ्यासाठी.

घरी जाताना ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, "तू आज बोललीस ते खरं आसंल."

"आहेच."

"व्हय. पर तवा तुझा आवाज बारीक व्हता. माज्या कानात तोच ऱ्हायला. ह्यो आजचा मोठ्या बाईचा हाय. ह्यो आत जाईना झालाय, पोरी."

मला वाटलं होतं, एकदा उभं राहून बोललं की झालं. पत्रकात तसंच असतं. शेवटच्या ओळीत लोक जागे होतात. माझी आई जागी झाली नाही. ती अजून माफी मागते. मी ऐकते.

परवा मंडळीचं पत्र आलं. उपासनेत अडथळा आणला म्हणून मला सहा महिने तरट. नंतर कबुली. मला लिहिता येतं, तर कबुली मीच लिहायची, अशी सवलत दिली आहे.

ही कबुली मी लिहिणार नाही.

चर्चही सोडणार नाही. मित्र विचारतात, आता काय उरलं तिथं, ये ना बाहेर. मावशी विचारत नाही, नुसती बघते. त्या सगळ्यांना मी एकच सांगते. माझा विश्वास काही रविवारी असतो, काही रविवारी नसतो. वधस्तंभावर टांगलेल्या त्या माणसानंही देवाला विचारलं होतं की तू मला टाकलंस का. त्याला कुणी तरटावर बसवलं नाही. त्याचा तो प्रश्न आम्ही दर वर्षी शुभ शुक्रवारी उभं राहून ऐकतो. मग माझ्या आईनं पोर मरत असताना दुसरीच्या हातचा दोरा बांधू दिला, तर तिला कोण वेगळं काढतं? विश्वास नसेल त्या रविवारीही मी जाईन. रिकाम्या हातानं, रिकाम्या तोंडानं जाऊन बसेन. विश्वास असेल त्यालाच आत घ्यायचं ठरवलं तर त्या चर्चमध्ये कुणीच उरणार नाही, पुढच्या खुर्चीवरसुद्धा नाही.

तरटावर नाही बसणार. पुढं बसेन, बायांच्या पहिल्या ओळीत. ओढून नेलं तर पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसेन.

वाचून झालेली कबुली मंडळीच्या वहीत चिकटवतात. तिथं आईचा अंगठा आहे, त्याच्यावर ते वाक्य आहे. ते साहेबांच्या हातानं, मंडळीसमोर, आई बघत असताना खोडलं गेलं पाहिजे. आईच्या कानातून निघेल न निघेल, वहीतून निघालं पाहिजे. दर रविवारी उपदेश संपला की मी उभी राहीन आणि तेवढंच मागेन. ते म्हणतील, प्रार्थना करू. करू देत. सगळे माना खाली घालतील, घालू देत. ते वाक्य खोडलं जाईपर्यंत मी आमेन म्हणणार नाही.